चाळीस गुणांवर नानांचं काय ठरवायचं?

पत्र थोडक्यात असं. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. सासरे ७९ वर्षांचे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. पोळ्यानंतर आठवड्याभरात ताप-खोकल्याचं निमित्त झालं, छातीत न्यूमोनिया निघाला, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन लावला आहे, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले आणि कॉटजवळ बसलेल्या ताईंना विचारू लागले: आंघोळ स्वतः करतात का, कपडे स्वतः घालतात का, संडासला एकटे जातात का, कॉटवरून उठता येतं का, पायऱ्या चढतात का, लघवीवर ताबा आहे का. ताईंनी सुचलं तसं सांगितलं. बेरीज १०० पैकी ४० आली. डॉक्टर म्हणाले, "यांची हालचाल आधीपासूनच कमी दिसते. अशा वयस्कर पेशंटला दवाखान्यातच काही होण्याचा धोका जास्त असतो. पुढचं काय ते घरच्यांनी बोलून ठेवा." तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. पुण्याचे भाया, म्हणजे मोठे दीर, म्हणतात, आजच्या आज संभाजीनगरला हलवा, आयसीयूत ठेवा. वन्सं म्हणतात, हाल करू नका, घरी न्या, वाड्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जाऊ द्या. संध्याकाळ झाली की नानांना मेलेली माणसं दिसायलीत, म्हणजे बोलावणं आलंच. वर सुनेला ऐकवतात, "तू तसं कामून सांगितलंस? तुझ्या सांगण्यानंच डॉक्टरनं हात टेकले." पती गप्प आहेत. ताईंचे प्रश्न तीन: मी चुकले का? हा आकडा खरा असतो का? आणि नानांना न्यायचं कुठं?

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या. एक, तो फॉर्म परत भरून घ्या. दोन, सकाळी नाना नीट शुद्धीत असतात तेव्हा त्यांच्याशी बोला. घाईत तेवढंच जमलं. आता जरा बैजवार लिहिते, कारण अशा फॉर्मसमोर बसलेल्या सुना, लेकी आणि मुलं सध्या पुष्कळ आहेत, आणि तो फॉर्म कशाचा हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

आधी वन्संचं बोलणं घेते, कारण तेच तुमच्या जिव्हारी लागलेलं दिसतं. डॉक्टरांनी हात टेकले, हे कुणी ठरवलं? तुमच्याच पत्रात अँटिबायोटिक चालू आहे, ऑक्सिजन चालू आहे, छातीचा फोटो दुसऱ्यांदा काढला आहे. उपचार कुठंच थांबलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले "बोलून ठेवा", आणि घरानं ऐकलं "संपलं". भीतीत माणूस असंच ऐकतो, वन्संनाही मी दोष देणार नाही. पण त्याचं खापर तुमच्या डोक्यावर फुटायचं काही कारण नाही. कॉटजवळ तुम्ही होता म्हणून तुम्हाला विचारलं. भाया असते तर त्यांनी बहुधा "सगळं स्वतःचं स्वतः करतात" असं ठोकून दिलं असतं, आणि ते जास्त धोक्याचं ठरलं असतं. का, ते पुढं येईल.

आता फॉर्म. असे प्रश्न आणि १०० गुण म्हटल्यावर तो बहुधा बार्थेल इंडेक्स. १९६५ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यात तो प्रसिद्ध झाला. त्यात दहा रकाने असतात: जेवण, आंघोळ, तोंड धुणं-दाढी-केस विंचरणं, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, कॉटवरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. सगळ्यांना सारखे गुण नसतात. आंघोळीला ५, जेवणाला १०, चालण्याला १५.

तुमची उत्तरं तुम्ही पत्रात जशीच्या तशी उतरवली, फार बरं केलं. "आंघोळ? मी बंबातलं पाणी काढून देते, नातू पाठ चोळतो." "कपडे? मी काढून देते." "चालतात का? नाही हो, उभंसुद्धा राहवत नाही." "जेवण? मीच भरवते." आणि मग पत्राच्या अगदी तळाशी, जणू तिचा इथं काही संबंधच नाही अशी एक ओळ: पोळ्यापर्यंत नाना रोज सकाळी काठी टेकत मारुतीच्या पारापर्यंत जायचे, तंबाखू मळत बसायचे आणि उन्हं चढली की परत यायचे.

ताई, डॉक्टरांना सांगायची ओळ ही होती. कुणाचा हात न धरता साधारण ४५-५० मीटर चालणाऱ्याला चालण्याचे १५ च्या १५ गुण मिळतात, हातात काठी असली तरी. पार तुमच्या वाड्यापासून एवढा तरी लांब असेलच. कॉटवरून उठून बसणं, उभं राहणं यालाही १५ गुण असतात, आणि जो माणूस रोज पारावर जाऊन येत होता तो बाजेवरून स्वतः उठत होता हे उघड आहे.

तुमच्या उत्तरांत दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक काळाची. आजारी पडण्याआधी, म्हणजे साधारण पंधरा दिवसांपूर्वी माणूस काय करत होता हा एक प्रश्न, आणि आज काय करतो हा दुसरा. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये म्हातारपणातला थकवा, म्हणजे शरीर किती खचलं आहे ते, मोजायची एक पट्टी काढली, तिला क्लिनिकल फ्रेल्टी स्केल म्हणतात. तिच्यात मुद्दाम दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती विचारतात, कारण न्यूमोनियाच्या तापात तिशीतला गडीसुद्धा उठून उभा राहत नाही. तुम्ही आंघोळीचं उत्तर गावातलं दिलंत आणि चालण्याचं, जेवणाचं दवाखान्यातलं. दोन्ही खरी, पण एका बेरजेत बसणारी नाहीत. फरक मोठा आहे. दोन वर्षांत हळूहळू खाटेला खिळत गेलेला माणूस आणि चार दिवसांपूर्वी पारावर बसलेला माणूस, दोघंही आज ४० वर असतील. पण दुसऱ्याचं जे गेलं आहे ते ताजं गेलं आहे, आणि त्यातलं काही परत येऊ शकतं. एकदम एवढं खाली येणं म्हणजे दुखणं जड आहे, हेही तितकंच खरं. मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही.

दुसरी सरमिसळ आपल्या घरांतली आहे, आणि ती परदेशी कागदाला दिसत नाही. आपल्याकडे मिशा पांढऱ्या झाल्या की माणसाच्या हातात तांब्यासुद्धा आणून द्यायचा असतो. पाणी सुनेनं काढायचं, बंडी-धोतर दांडीवरून काढून ठेवायचं, भाकर कुस्करून ताट पुढ्यात सरकवायचं. नानांनी आयुष्यात कधी स्वतःच्या आंघोळीचं पाणी काढलं होतं का? चाळिशीतही नसेल काढलं. बार्थेलचे पुढे जे नियम ठरले त्यांत स्पष्ट आहे की माणूस प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवावं, काय करू शकेल ते नाही. त्यामुळे डॉक्टरांनी शून्य लिहिलं तर ते नियमाला धरूनच आहे. पण त्या शून्यात अंगात ताकद नसलेला म्हातारा बसतो आणि मानाचा म्हाताराही बसतो. म्हणून उत्तर देताना एक वाक्य जास्त सांगायचं: पाणी मी काढून देते, अंगावर ते स्वतः घेतात. पाठ नातू चोळतो, बाकी अंग ते स्वतः चोळतात. कपडे मी हातात देते, नेसतात ते.

बायकांच्या बाबतीत हेच उलटं होतं. १९६९ साली घरकाम, स्वयंपाक, औषधं, पैशांचा हिशेब वगैरे मोजणारी लॉटन यांची एक पट्टी आली. तिच्यात स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं हे रकाने पूर्वी पुरुषांसाठी धरतच नसत. आमच्याकडच्या आज्या दम लागलेला असतानाही चुलीपुढून उठत नाहीत, आणि मग कागदावर त्या अगदी ठणठणीत दिसतात. "आई सगळं करते" असं लेक अभिमानानं सांगतो. पूर्वी तासात व्हायचं त्या कामाला आता दुपार लागते, हे त्याच्या ध्यानातच आलेलं नसतं. अशा घरातून आलात तर तेही सांगा.

आकडा खरा असतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. हो, त्यात तथ्य आहे, आणि ते नाकारून कुणाचं भलं होणार नाही.

गंमत अशी की या पट्ट्या मरणाचा अंदाज घ्यायला काढलेल्याच नव्हत्या. १९६३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं पाहून आंघोळ, कपडे, संडास, उठबस, शौच-लघवीवर ताबा आणि जेवण अशा सहा कामांची यादी केली. पेशंट कितपत सुधारतोय हे त्यांना बघायचं होतं. बार्थेलचंही तसंच. पण पुढं जगभर दिसत गेलं की दाखल होताना ज्यांची ही साधी कामं दुसऱ्यावर अवलंबून असतात, त्यांच्यात दवाखान्यात आणि नंतरही दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. १९९८ साली अमेरिकेत ७० वर्षांवरच्या पेशंटचा अभ्यास झाला. त्यात आजाराची तीव्रता सांगणाऱ्या नेहमीच्या पट्ट्यांत रोजच्या कामांची माहिती मिसळली तेव्हा पुढच्या तीन महिन्यांचा आणि दोन वर्षांचा अंदाज ठळकपणे सुधारला. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, मुख्यतः ब्रिटनच्या दवाखान्यांतल्या पेशंटवर झालेल्या अभ्यासातही वय किंवा सोबतचे आजार यांच्यापेक्षा आधीच्या थकव्यावरून कोण वाचेल याचा अंदाज जास्त बरोबर आला.

असं का व्हावं? बाजेवरून उठून मोरीपर्यंत जायचं तर हृदय, फुप्फुसं, मांड्या, डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग, डोकं, सगळ्यांना एकाच वेळी काम करावं लागतं. रक्ताचा रिपोर्ट एकेका अवयवाचं सांगतो. चालणं सगळ्यांची एकत्र बेरीज सांगतं. हाताच्या पकडीचंही तसंच आहे. भारतासह १७ देशांतल्या लोकांवरच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकड ५ किलोनं कमी असली तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. जुनी माणसं हात हातात घेऊन "जीव राहिला नाही गं हातात" म्हणतात, ते काही अगदीच उगाच नसतं.

पण धोका जास्त म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या. शेतातलं बोलते म्हणजे पटेल. तुमच्या गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, दरवर्षी निघते. पन्नास पैशांच्या खाली आली की गावाचं पीक बुडालं असं धरतात. ती पैसेवारी काही खोटी नसते, पण ती अख्ख्या गावाची असते. तुमच्या विहिरीखालच्या तुकड्यात तूर कशी आली ते तिच्यावरून कळत नाही. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. पैसेवारी कमी आली म्हणून पीक मोडून टाका असं कुणी सांगतं का? उलट ती कमी आली की सवलती मागायच्या, टँकर मागायचा. नानांचा आकडा तसाच वापरायचा आहे. कमी गुणांच्या पेशंटपैकी जास्त जण दगावतात. नाना त्यांतले की उरलेल्यांतले, हे तो आकडा सांगत नाही. यांच्याकडे जास्त बारकाईनं बघा, यांना वेळ कमी आहे, एवढं मात्र तो ओरडून सांगतो. भायांनी ठोकून दिलेल्या उत्तरांवर आकडा फुगला असता, तर हे ओरडणं डॉक्टरांना ऐकूच आलं नसतं.

हा आकडा उलट्या बाजूनंही वापरला गेलेला आहे. मार्च २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शन संस्थेनं, नाइसनं, आयसीयूत कुणाला न्यायचं हे ठरवताना तो कॅनडाचा फ्रेल्टी स्केल वापरायला सांगितलं. त्याबरोबर अपंगांच्या संघटना उठल्या: जन्मापासून दुसऱ्याच्या मदतीनं आंघोळ करणाऱ्या तरुणाला तुम्ही मरणपंथाला लागलेला धरणार का? काही दिवसांतच नाइसला दुरुस्ती करावी लागली. ६५ च्या आतल्यांना आणि कायमचं स्थिर अपंगत्व असलेल्यांना ती पट्टी लावू नका, असं त्यांनी लिहिलं. त्यात आणखी एक मेख आहे, तिच्याकडे डॉक्टरांचंही लक्ष राहत नाही. आकडा कमी आला म्हणून उपचार सैल सोडले आणि पेशंट गेला, तर आकडा बरोबर होता असंच सगळे म्हणणार.

वन्संना संध्याकाळी जे दिसतं त्याबद्दल. नाना सकाळी तुमच्याशी नीट बोलतात, दिवेलागणीला अंथरूण चिवडू लागतात, कोपऱ्यात वारलेल्या भावाला बघतात, रात्री नळ्या ओढतात. सकाळी पुन्हा ताळ्यावर. याला डिलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला मोठा संसर्ग झाला, ऑक्सिजन कमी पडला, झोप मोडली, लघवी किंवा शौच तुंबलं, औषध मानवलं नाही, की मेंदू असा भरकटतो. लक्षण गंभीर आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं असतं. "म्हातारपणी होतंच" म्हणून सोडायचं नाही. पण त्याला बोलावणं समजू नका. कारण सापडलं तर यातून बरीच माणसं बाहेर येतात. वन्संना हे तुम्ही सांगू नका, तुमच्याकडून त्यांना ते पटणार नाही. राउंडच्या वेळी त्यांना उभं करा आणि डॉक्टरांकडूनच ऐकवा.

इथंच तुमच्या हाताशी खरं काम आहे. १९९९ साली अमेरिकेत ७० वर्षांवरच्या पेशंटवर एक प्रयोग झाला. त्यात वेगळं औषध कुठलं नव्हतं. चष्मा लावणं, ऐकायचं यंत्र देणं, पाणी पाजणं, दिवसा उठवून चालवणं, रात्री झोपू देणं, आज कोणता वार आहे, आपण कुठं आहोत ते सांगत राहणं, एवढंच. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, या वॉर्डात सुमारे १० टक्क्यांना. नानांचा चष्मा आणि कवळी कुठं आहे? माझी पैज आहे, गावाकडं कोनाड्यात. आजच कुणाच्या तरी हाती मागवून घ्या. काठीपण.

नानांना सरळ पडून ठेवू नका. निरोगी म्हाताऱ्या माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस फक्त अंथरुणावर ठेवलं, तर दोन्ही पायांचं मिळून किलोभराच्या आसपास मांस झडलं. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांना न्यूमोनिया नव्हता, हे ध्यानात घ्या. आणि २००३ च्या एका अभ्यासात ७० च्या पुढच्या दाखल रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के लोक आजारी पडण्याआधीपेक्षा जास्त परावलंबी होऊन दवाखान्याबाहेर पडले. म्हणजे दुखणं बरं झालं आणि माणूस बसला. आपल्याकडे याला हातभार मायेचाच लागतो. पेशंट हलला की चार जण धावतात, "पडून राहा नाना, आम्ही आहोत ना". हात वर करतोय तर करू द्या. दूध-पेज देताना डोक्याकडची बाजू उंच करून, जमलं तर बसवून द्या. झोपून भरवलं की घास श्वासनलिकेत जायची भीती, आणि छाती तर आधीच भरलेली आहे. सिस्टरांना विचारून दिवसातून दोनदा पाय खाली सोडून काठावर बसवा. ऑक्सिजनची नळी लांब असते, खुर्चीपर्यंत पुरते. लघवीची नळी टाकली असेल तर रोज एकदा विचारा, अजून लागतेच का? नळी आणि डायपर सोयीचे असतात, पण त्यांनी माणूस कॉटला बांधला जातो. धाप लागत असेल, बीपी खाली असेल, तर मात्र यातलं काहीही मनानं करायचं नाही.

आता कुठं न्यायचं. भाया आणि वन्सं एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलतात असं वाटतं, पण दोघांनीही एकच धरून चाललंय की आत्ता, आजच, कायमचं काहीतरी ठरवायचं आहे. तसं नाही. डॉक्टरांशी बोलून दोन-तीन दिवसांची मुदत ठरवता येते. एवढे दिवस आहे तो उपचार पुरत्या जोरात करायचा, आणि ठरलेल्या दिवशी बसून बघायचं: ऑक्सिजन किती लागतोय, ताप उतरला का, संध्याकाळचं बरळणं कमी आहे का, दोन घास जास्त गेले का. डॉक्टरांना असं विचारा की उत्तर देणं त्यांना भाग पडेल. हे दुखणं स्वतः बरं होण्यासारखं आहे का? इथं काय मिळत नाही जे संभाजीनगरला मिळेल? व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तर त्यातून बाहेर येऊन नाना पुन्हा पारापर्यंत जाण्याची शक्यता तुम्हाला कितपत वाटते? "जगतील का" एवढंच विचारलं की उत्तर मोघमच येणार.

दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता धाप लागलेल्या म्हाताऱ्याला सोपा नाही. तिथं असा काही उपचार असेल जो इथं होतच नाही, आणि नानांना तो हवा असेल, तर जरूर न्या. पुण्याहून काळजी वाटते एवढ्यासाठी नको. वन्संनाही हेच सांगेन: घरी नेणं हा अपराध नाही, पण अजून दुरुस्त होऊ शकणारं दुखणं अर्धवट सोडून, सही करून घरी नेणं आणि सगळं करून झाल्यावर घरी नेणं यांत अंतर आहे. आणि दुसऱ्या वेळीसुद्धा धाप, वेदना, घशातली घरघर यांची औषधं लिहून घेतल्याशिवाय गाडीत घालू नका. व्हेंटिलेटर नको, पण अँटिबायोटिक, ऑक्सिजन, व्यायाम सगळं चालू ठेवा, असाही मधला रस्ता असतो, आणि ७९ व्या वर्षी पुष्कळदा तोच शहाणपणाचा ठरतो. पैशांचं बोलायला लाजू नका. ७० च्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्न काहीही असो. फक्त दवाखाना योजनेच्या यादीत असावा लागतो. हलवायचंच झालं तर आधी ते बघा.

तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे. भायांचं, वन्संचं, डॉक्टरांचं, थोडं तुमचं. नानांचं एक वाक्य नाही. सकाळी शुद्धीत असतात असं तुम्हीच लिहिता. मग विचारा की. "मरणाबद्दल कसं बोलावं" ही अडचण आपली असते. ज्यानं चार दुष्काळ बघितले, आई-बाप आणि बायको पोचवली, त्याला या विषयाची आपल्याएवढी भीती नसते. "नाना, छातीचं दुखणं मोठं आहे. डॉक्टर नळी घालून मशीनवर ठेवायचं म्हणाले तर ठेवायचं का? तुमच्या मनात काय आहे?" इतक्या साध्या शब्दांत. हे तुमच्या यजमानांनी विचारावं. ते गप्प आहेत ते बहुधा याच प्रश्नाला घाबरून, आणि बापाला प्रश्न विचारायला लेकच लागतो. नानांनी काही सांगितलं तर डॉक्टरांना कळवा, केसपेपरवर लिहायला सांगा.

ज्यांची माणसं अजून धडधाकट आहेत, त्यांनी हे दवाखान्याआधी करून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. ते जमत नसेल तर निदान घरातल्या वहीत दर सणाला दोन ओळी लिहा. आई अजून विहिरीवरून कळशी आणते का, बाबा शेतातल्या आखाड्यावर पायी जातात की गाडीवर बसून, उठताना हात टेकावा लागतो का. अशी वही तुमच्याकडे असती तर त्या तरुण डॉक्टरांना ४० हा आकडा मिळालाच नसता. त्यांच्यावर रागावू नका. ज्यानं निदान विचारलं तरी, त्याच्याशी बोलणं सोपं असतं. उद्या त्यांना गाठून म्हणा, "पंधरा दिवसांपूर्वीचं मी नीट सांगितलं नव्हतं, परत लिहून घेता का?" पाच मिनिटांचं काम आहे. गुण वाढले म्हणून नानांचं दुखणं कमी होणार नाही. पण त्यांच्या अंगात आधी किती होतं, हे उपचार करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे.

आणि भायांना फोनवरून भांडत बसण्यापेक्षा इकडं यायला सांगा. आल्यावर रात्रीची पाळी त्यांच्याकडे द्या. दाखल केल्यापासून एकट्या तुम्हीच जागताय असं पत्रावरून दिसतं, आणि फॉर्मवरची उत्तरं अशीच चुकतात.